गोल्डफिशच्या टँकमध्ये सोबतीला कोण ठेवायचं?

माझ्या पहिल्या टँकमध्ये दोन ओरँडा, म्हणजे गोल्डफिशचाच एक प्रकार, होते आणि एक सकर, काचेला तोंडाने चिकटणारा मासा. सकर घेतला तो विकणाऱ्याच्या शब्दावर. "हा काच स्वच्छ ठेवतो, शेवाळ खातो, तुमचं कामच उरणार नाही." सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी दिवा लावला तर मोठ्या ओरँडाच्या कुशीवर बोटाच्या पेराएवढा पांढुरका डाग. खवले गेलेले, कडा लालसर. मला वाटलं बुरशी असणार, म्हणून औषध घातलं. चार दिवसांनी दुसऱ्या बाजूला तसाच डाग. शेवटी एका रात्री सगळे दिवे घालवून टँकसमोर बसले आणि तासाभराने टॉर्च मारला. ओरँडा तळाशी निवांत झोपला होता आणि सकर त्याच्या अंगाला तोंडाने चिकटून बसला होता. काचेवरचं शेवाळ कधीच संपलं होतं. भुकेल्या सकरला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आयता मिळाला होता.

चूक सकरची नव्हती, ओरँडाचीही नव्हती. सोबती निवडताना मी काचेचा विचार केला, माशाचा केला नाही. नव्याने टँक मांडणारे बहुतेक जण हेच करतात. रिकामी जागा दिसते, रंग हवासा वाटतो, आणि दुकानात सगळे मासे शेजारी-शेजारीच पोहताना दिसतात, मग इथेही चालेल असं वाटतं. दुकानात ते आठवडाभर असतात. तुमच्याकडे गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं राहू शकतो. टिश नावाचा गोल्डफिश इंग्लंडमध्ये 1956 साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो 1999 मध्ये मेला, म्हणजे 43 वर्षं जगला. इतक्या लांबच्या सहवासासाठी सोबती बघायचा तर थोडी चौकशी करावीच लागते. ती कोणत्या क्रमाने करायची, ते सांगते.

पहिली पायरी: आपला गोल्डफिश कोणत्या बांध्याचा?

सगळे गोल्डफिश एकाच जातीचे, कार्पच्या कुळातले. चीनमध्ये हजार वर्षांहून जास्त काळ निवडून-निवडून त्यांची पैदास झाली आणि त्यातून इतके निरनिराळे आकार निघाले की जात एक आहे यावर विश्वास बसत नाही. सोबती निवडायच्या कामापुरते दोनच गट लक्षात ठेवा.

एक लांबट बांध्याचा, एकेरी शेपटीचा: कॉमन, कॉमेट, शुबंकिन. हे जोरात पोहतात, चपळ असतात, जागा मिळाली तर 20 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतात. खरं म्हणजे ही हौदात किंवा बागेतल्या तळ्यात ठेवायची मंडळी.

दुसरा गोल, अंड्यासारख्या बांध्याचा, दुहेरी शेपटीचा: फॅनटेल, रायुकिन, ओरँडा, रांचू, पर्लस्केल, ब्लॅक मूर वगैरे. यांना फॅन्सी म्हणतात. अंग आखूड, पोट मोठं, शेपूट जड. डुलत-डुलत चालतात. रांचूला तर पाठीवरचा परच नसतो, त्यामुळे वळताना त्याचा तोल जातो. वेगळ्या जातीचा सोबती सोडाच, कॉमेट आणि रांचू हे दोन गोल्डफिशसुद्धा एका टँकमध्ये सुखाने राहत नाहीत. दाणे टाकले की कॉमेटचं जेवण उरकलेलं असतं आणि रांचू अजून वासावर निघालेला असतो.

दुसरी पायरी: जागा आहे का ते मोजा

टँकची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. उत्तर लिटरमध्ये मिळेल. 90 बाय 40 बाय 45 चा टँक म्हणजे 162 लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की हातात साधारण 140 लिटर पाणी उरतं. पहिल्या फॅन्सी गोल्डफिशला 75 लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला आणखी 40 लिटर, असा हिशेब बरेच पाळणारे धरतात. म्हणजे या टँकमध्ये दोन गोल्डफिश आरामात राहतील, तिसरा ओढूनताणून. लांबट बांध्याच्यांसाठी हा हिशेब तोकडा पडतो, त्यांना पोहायला लांबी लागते. 120 सेंटिमीटरपेक्षा लहान टँकमध्ये मी तरी कॉमेट ठेवणार नाही.

इतकं पाणी लागतं कशाला? गोल्डफिशला जठर नसतं. अन्न आतड्यातून सरळ पुढे सरकतं, म्हणून तो दिवसभर काही ना काही टिपत असतो आणि तितकीच घाणही करतो. त्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा बराच सौम्य, पण साठत जातो.

कुठल्याही सोबत्याची चौकशी करण्याआधी टेस्ट किट घेऊन हे बघा. आठवड्याचं पाणी बदलायच्या दिवशी, पाणी बदलण्यापूर्वी, टँकमधलं पाणी तपासा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट 40 पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या) खाली असेल तर पुढे वाचा. नायट्रेट त्याच्या वर गेलेलं असेल तर तुमचा टँक भरलेला आहे, मग तो डोळ्यांना कितीही रिकामा दिसो. आणि टँक मांडून महिना-दीड महिनाही झाला नसेल तर थांबा. जिवाणूंना बस्तान बसवायला तेवढा वेळ लागतोच.

तिसरी पायरी: थर्मामीटर

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. 18 ते 22 अंश सेल्सिअसमध्ये तो खूश असतो, फॅन्सींना एखादा अंश जास्त चालतो. दुकानात दिसणारे बहुतेक रंगीत मासे मात्र उष्ण कटिबंधातले, त्यांना 24 ते 28 हवं. यात "मधलं 24 ठेवू" असा सुवर्णमध्य काढायचा मोह होतो. मग एकाची दमछाक आणि दुसरा गारठलेला, अशी दोघांचीही पंचाईत होते.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे पाणी वर्षभर 27-28 असतं आणि गोल्डफिश जगतोय, मग उबदार पाण्याचे मासे ठेवायला काय हरकत आहे? जगतो हे खरं. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी उष्म्याने माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. अशा टँकमध्ये गर्दी वाढवणं म्हणजे आधीच दम लागलेल्याच्या पाठीवर ओझं ठेवणं. तिथे एअर पंप चोवीस तास चालू हवा आणि मासे हिशेबापेक्षा एखादा कमीच. शिवाय तापमान जुळलं म्हणून पुढची पायरी टळत नाही.

आठवडाभर पहाटे आणि दुपारी असं दोनदा तापमान लिहून ठेवा. अंदाजाने सांगितलेलं तापमान आणि थर्मामीटरवरचं तापमान यांत तीन-चार अंशांचा फरक सहज निघतो.

चौथी पायरी: तोंड आणि काटे

गोल्डफिश मारका नाही. दुसऱ्याच्या वाटेला जात नाही. पण जे तोंडात मावेल ते तो तोंडात घेऊन बघतो. पटलं तर घशातल्या दातांनी चिरडतो, नाही पटलं तर थुंकतो. त्याच्या लेखी निऑन टेट्रासारखा इवलासा मासा आणि बुडणारा दाणा यांत फारसा भेद नाही. आज चार सेंटिमीटरचं पिल्लू आहे म्हणून बिनधास्त राहू नका. वर्षभरात त्याचं तोंड केवढं होईल ते डोळ्यांसमोर आणा आणि सोबती त्या तोंडात मावणार नाही ना, ते बघा.

त्याहून वाईट म्हणजे तोंडात शिरेल पण पुढे जाणार नाही असा मासा. कोरिडोरास हा तळाशी फिरणारा छोटा कॅटफिश. स्वभावाने इतका गरीब की पुष्कळ जण बेलाशक सुचवतात. पण त्याच्या पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांना टणक काटे असतात आणि घाबरला की तो ते ताठ करतो. मोठ्या गोल्डफिशने त्याला तोंडात घेतलं की काटे आत रुततात. मग तो ना आत जातो ना बाहेर येतो, आणि बहुतेक वेळा दोघेही जातात. एका ओळखीच्यांच्या टँकमध्ये मी ते पाहिलं आहे. गोल्डफिशचं तोंड आ वासलेलं, त्यातून कोरीची शेपटी बाहेर, आणि कल्ले नुसते धडधडत होते. ओटोसिंक्लस हा इवलासा शेवाळखाऊही याच कारणासाठी नको.

जाता जाता तळाच्या खड्यांचंही सांगते. वाटाण्याएवढे गुळगुळीत खडे गोल्डफिशच्या तोंडात हमखास अडकतात. तळाला बारीक वाळू घाला नाहीतर तोंडात मावणारच नाहीत इतके मोठे गोटे. वाळूचा पुढे आणखी एक फायदा आहे.

पाचवी पायरी: आधी दुसरा गोल्डफिशच बघा

माझं ऐकाल तर चौकशी इथेच थांबवा. गोल्डफिशला सोबत आवडते, पण ती गोल्डफिशची. दोघे असले की एकमेकांच्या मागून तळ उकरत हिंडतात, एकाने काही टिपलं की दुसरा तिथे हजर. दुसऱ्या जातीचा मासा टँकमध्ये असावा ही हौस आपली असते, त्याची नव्हे.

फक्त जोडी बघताना बांधा आणि चाल जुळवा. कॉमेटबरोबर कॉमेट किंवा शुबंकिन. फॅनटेल आणि रायुकिन हे फॅन्सींमधले त्यातल्या त्यात तरतरीत, त्यांचं आपसात जमतं. ओरँडा, रांचू, लायनहेड, पर्लस्केल हे संथ, त्यांचा गट वेगळा. ओरँडाच्या डोक्यावरची मांसल टोपी वाढत-वाढत डोळ्यांवर येते तेव्हा त्याला दाणे दिसेनासे होतात, हेही जोडी लावताना ध्यानात असू द्या.

डोळ्यांनी अधू असलेल्यांचा तिसरा गट करावा लागतो. ब्लॅक मूर आणि इतर टेलिस्कोप यांचे डोळे बाहेर आलेले पण नजर कमजोर. सेलेस्टियलचे डोळे कायम आभाळाकडे, त्याला समोरचं दिसत नाही. बबल आयच्या डोळ्यांखाली पाण्याने भरलेल्या नाजूक पिशव्या असतात, त्या टोकदार दगडाला किंवा फिल्टरच्या नळीला लागून फुटतात. यांना चपळ शेजारी दिला तर ते उपाशी राहतात, इतकं सरळ आहे. यांचा टँक वेगळाच ठेवावा, त्यात टोकाची एकही वस्तू नसावी, आणि दाणे रोज एकाच कोपऱ्यात टाकावे म्हणजे त्यांना जागा पाठ होते.

आकारातही फार अंतर नको. बारा सेंटिमीटरच्या मोठ्यासमोर चार सेंटिमीटरचं पिल्लू सोडलं तर ते गिळलं जाईलच असं नाही, पण त्याच्या वाट्याला उरलंसुरलंच येईल.

सहावी पायरी: तरीही दुसरी जात हवीच असेल तर

यादी लहान आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक नावाला अट आहे.

माझी पहिली पसंती वेदर लोचला, ज्याला डोजो लोचही म्हणतात. लांब, वळवळता, मिशाळ, तळाशी राहणारा. पूर्व आशियातला, थंड पाण्याचा, पंधरा-वीस सेंटिमीटर होतो, म्हणजे तोंडात मावण्याचा प्रश्न नाही. हवेचा दाब उतरला की हा अस्वस्थ होतो आणि टँकभर वरखाली धावतो, त्यावरूनच त्याला वेदर हे नाव पडलं. पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि आतड्यातून श्वास घेतो, तेव्हा तो वर आला म्हणून घाबरू नका. त्याला वाळू लागते. तो तिच्यात डोळ्यांपर्यंत पुरून घेतो, आणि खडे असतील तर अंग खरचटतं. वाळूचा दुसरा फायदा म्हटलं तो हा. झाकण घट्ट हवं. फटीतून निसटण्यात हा वस्ताद आहे. माझा एक लोच फिल्टरच्या वायरसाठी ठेवलेल्या खाचेतून बाहेर पडला आणि सकाळी सोफ्याखाली सापडला. ओला होता, जिवंत होता, आणि त्यानंतर चार वर्षं जगला. खाच मात्र त्याच दिवशी स्पंज कापून बुजवली. एकटा ठेवू नका, दोन-तीन एकत्र ठेवा, आणि दिवे बंद झाल्यावर त्यांच्यासाठी बुडणारे दाणे वेगळे टाका. काही देशांत हा मासा पाळायला बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या.

व्हाइट क्लाउड मिनो हा दुसरा. चार सेंटिमीटरचा, चकचकीत रेघेचा, कळपाने राहणारा. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोजवळच्या व्हाइट क्लाउड डोंगरातल्या ओढ्यात हा सापडला. 1932 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि ज्या स्काउट मास्तरांना तो सापडला त्यांच्या टॅन या आडनावावरून त्याला टॅनिक्थिस हे नाव मिळालं. तापमान गोल्डफिशशी अगदी जुळतं. अडचण तोंडाची. हा फक्त लहान तोंडाच्या, संथ फॅन्सींबरोबर, आठ-दहाच्या कळपात आणि दाट झाडं असलेल्या टँकमध्ये. तरीही अधूनमधून एखादा कमी होईल, ते सोसणार नसेल तर घेऊ नका. पाणी उन्हाळ्यात 27 च्या वर जात असेल तरी नको.

झेब्रा डॅनिओचं गणित बरंचसं तसंच, फक्त हा जास्त वेगवान, म्हणून पकडीत कमी सापडतो. पण दाणेही तोच आधी पळवतो आणि त्याची सततची धावपळ संथ माशांना त्रासदायक होते. उडीही मारतो. लांबट गोल्डफिशबरोबर त्यांची चाल जुळते, पण तिथे तोंड मोठं. एकूण माझा कल नकाराकडेच.

रोझी बार्ब सहाच्या गटात, लांबट बांध्याच्या गोल्डफिशबरोबर छान राहतो. फॅन्सींच्या लोंबत्या शेपट्या मात्र कुरतडतो.

सकर हवाच असेल तर ब्रिसलनोज, बारा-पंधरा सेंटिमीटरवर थांबणारा. माझ्या टँकमध्ये आलेला तो साधा प्लेको, तो 30 सेंटिमीटरच्याही पुढे जातो. ब्रिसलनोज त्या मानाने सभ्य, आणि बऱ्याच जणांकडे वर्षानुवर्षं सुखाने राहतो. त्याला रोज रात्री काकडीची चकती किंवा शेवाळाची वडी द्या, चघळायला टँकमध्ये लाकडाचा ओंडका ठेवा. भुकेला राहिला तर तोही माशाला चिकटू शकतो. मी पहिल्या अनुभवानंतर पुन्हा सकर आणला नाही, हा माझा हट्ट समजा.

काच स्वच्छ ठेवणारा सोबती हवा असेल तर नेराइट गोगलगाय आणा. कवच कठीण, शेवाळाची खादाड, आणि तिची अंडी गोड्या पाण्यात उबत नाहीत त्यामुळे टँकभर पिल्लं होत नाहीत. अंड्यांचे पांढरे ठिपके लाकडावर चिकटून राहतात, ते खरवडायचा कंटाळा करू नका. मिस्ट्री स्नेल आकाराने मोठी आणि दिसायला देखणी, पण तिच्या लांब मिशा गोल्डफिशला गांडूळच वाटतात. एकसारखा टोचतो, मग ती कवचात दडून बसते आणि खायला बाहेरच येत नाही. रॅम्सहॉर्न गोगलगाई गोल्डफिशसाठी खाऊ म्हणून उत्तम. सोबती म्हणून टिकत नाहीत.

सातवी पायरी: ठामपणे नाही म्हणायचे

बेटा, म्हणजे फायटर मासा: पाणी उबदार हवं, स्वभाव तापट, समोर लोंबती शेपूट. एंजलफिश, ऑस्कर आणि बाकीचे सिक्लिड: तेच. टायगर बार्ब: परांचा शत्रू. गप्पी, निऑन, शोभेची कोळंबी: जेवण. चायनीज अल्जी ईटर लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी दांडगाई करतो आणि माशांच्या अंगाला चिकटतो. क्रेफिश रात्री शेपट्या कातरतो. कासव तर गोल्डफिश खातंच, दोघं "मैत्रीने" राहतात म्हणणाऱ्यांच्या कासवाला अजून भूक लागलेली नाही.

"शार्क" या नावाने विकली जाणारी पिल्लं जपून. बोटाएवढा चंदेरी, सतत काचेला धडकणारा तो मासा पंगासियस असतो आणि पूर्ण वाढला की मीटरभराचा होतो. कोई हा गोल्डफिशचा नातलग, पाणी जुळतं, स्वभाव जुळतो, पण 60 सेंटिमीटर आणि त्याहून मोठा होतो. मोठं तळं असेल तर लांबट गोल्डफिशबरोबर जरूर, टँकमध्ये मुळीच नाही.

आठवी पायरी: वेगळ्या टबात महिना

नवा मासा कितीही तजेलदार दिसला तरी सरळ टँकमध्ये सोडायचा नाही. तीन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा. चाळीस लिटरचा साधा प्लास्टिकचा टब चालतो. त्यात लागणारा स्पंज फिल्टर मात्र आधीच दोन-तीन आठवडे मुख्य टँकमध्ये चालवून ठेवा, म्हणजे जिवाणू आयते येतात. टबाचं जाळं, पाइप, बादली वेगळी. हात धुतल्याशिवाय एकातून दुसऱ्यात घालू नका.

या महिन्यात रोज बघायचं: अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का, मासा दगडाला अंग घासतो का, पर मिटून बसतो का, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी आहे का. थंड पाण्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीचं चक्र लांबतं, म्हणूनच आठवडाभराच्या पाहणीवर भागत नाही.

औषधांचा विचारही याच वेळी करा. गोल्डफिशला काही दुखणं झालं की पाण्यात मीठ घालायची पद्धत आहे आणि तो ते चांगलं सोसतो. लोचला ते तितकं मानवत नाही, त्याचे खवले अगदी बारीक असतात. तांब्याच्या औषधाने गोगलगाई मरतात. म्हणजे मिश्र टँकमध्ये औषध घालण्यापूर्वी कोणाला तरी बाहेर काढावंच लागतं. तो टब रिकामा झाल्यावर माळ्यावर टाकू नका.

नववी पायरी: सोडण्याचा दिवस आणि पुढचा आठवडा

संध्याकाळी टँकमधल्या माशांना आधी खाऊ घाला. दोन-चार दगड आणि झाडांच्या कुंड्या इकडच्या तिकडे हलवा, म्हणजे जुन्यांनाही टँक थोडा नवा वाटतो. टबाचं आणि टँकचं तापमान एक झालं ना ते बघा. फरक असेल तर नव्या माशाला टबातल्या पाण्यासकट एका डब्यात घ्या, डबा टँकमध्ये तरंगत ठेवा आणि अर्ध्या तासात टँकचं पाणी वाटी-वाटीने त्यात घाला. मग मासा हाताने किंवा जाळ्याने उचलून सोडा, डब्यातलं पाणी मोरीत. दिवे बंद.

पुढचा आठवडाभर दिवसाआड अमोनिया तपासा. जिवाणूंची संख्या नव्या घाणीच्या मानाने वाढायला काही दिवस जातात, तेवढ्यात आकडा वर सरकला तर तिसरा हिस्सा पाणी बदला, क्लोरीन काढलेलं. रोज सकाळी मासे मोजा. आणि एकदा तरी रात्री उशिरा टॉर्च घेऊन बसा. दिवसा गुण्यागोविंदाने राहणारे रात्री काय करतात ते मला कळायला सहा महिने लागले.

दाणे टाकल्यावर दोन मिनिटं हलू नका. कोण खातो यापेक्षा कोण खात नाही ते बघा. एखाद्याला सलग तीन दिवस काहीच मिळत नसेल, एखाद्याचे पर कुरतडलेले असतील, कोणी सतत कोपऱ्यात फिल्टरमागे दडत असेल, तर वाट बघू नका. त्याला टबात हलवा आणि दुसरं घर शोधा, किंवा घेतला तिथे परत द्या. नदी-तळ्यात सोडायचा मात्र नाही. गोल्डफिश असो, लोच असो की सकर, तिथल्या माशांचं अन्न आणि अंडी ते फस्त करतात, आणि एकदा पसरले की कोणाला आवरत नाहीत.

एका गोष्टीला मात्र नवे पाळणारे हमखास फसतात. दोन गोल्डफिश महिनोन् महिने शांत राहिलेले असतात आणि एका पहाटे एक दुसऱ्याच्या मागे लागतो. पोटाला ढुशा देतो, झाडात रेटतो, कोपऱ्यात दाबतो. पाहणारा घाबरून वेगळं करायला धावतो. त्याआधी मागे लागणाऱ्याच्या कल्ल्यांची झाकणं आणि छातीच्या परांची पुढची कड नीट न्याहाळा. तिथे ओळीने बारीक पांढरे उंचवटे असतील आणि बाकी अंगावर एकही नसेल, तर तो आजार नाही, तो नर आहे आणि हंगामात आलेला आहे. मादी फारच थकलेली दिसली तर मध्ये जाळी घाला, एरवी राहू द्या. एक-दोन दिवसांत झाडांच्या पानांना मोहरीहून लहान, पारदर्शक पिवळसर अंडी चिकटलेली दिसतील. ती हवी असतील तर पानासकट लगेच बाजूला काढा, कारण नाष्ट्याला ते दोघेही तीच खायला निघालेले असतात.